डावी गाठ

पहिल्या सत्रात निंबाळकर मॅडमनी फळ्यावर त्रिकोण काढला.
टोकाला पॅरिस, खाली मुंबई,
आणि पायथ्याशी, जिथं खडू संपत आला, तिथं आपण.
मी तो वहीत उतरवून घेतला, पट्टी लावून.

त्याच सुमारास मी ‘लई भारी’ म्हणायचं सोडलं.
‘छान आहे’ म्हणायचे, ओठ कमी हलवून.
आण्णा गांधीनगरात गठ्ठे सोडतात, दुसऱ्याच्या दुकानात.
कुणी विचारलं तर सांगायचे, टेक्स्टाईलमध्ये आहेत.

मग प्रोजेक्ट आला. तीस दिवस, एक जागा.
नुसतं बघायचं. मत द्यायचं नाही.

राजारामपुरी, अकरावी गल्ली, झेरॉक्सच्या शेजारी
शमशाद मुजावर, लेडीज टेलर.
पाटीवरचा ‘ले’ कधीचाच गळालाय.
मी स्टुलावर बसून बायका मोजायचे:
बोटनेक तीन, पफ बाही पाच, कॉलर शून्य.
आपा म्हणाली, “मोजतीस काय नुसतं? हात मोकळं हाईत न्हवं?”
आणि मांडीवर फॉल टाकला.

चौथ्या दिवशी कसबा बावड्याची मेघना उलपे आली,
साखरपुडा नऊ दिवसांवर.
मोबाईलात मावसबहिणीचा फोटो, पाठमोरा,
पाठीवर गाठ, गाठीला दोन गोंडे.
“अशीच पायजे.”
आपानं खडूनं खूण केली, फोटोत होती तिथं. डावीकडं.

फोटो आरशातला होता.
मागच्या कॅलेंडरवरचे आकडे सगळे उलटे.
मी तिथंच होते, बघायचं एवढंच माझं काम,
आणि मी बघितलं नाही.

तेराव्या दिवशी रात्री मेघनाच्या आईचा फोन.
“आपा, बहिणीची उजवीकडं हाय की वो!
हिची गाठ पदराखाली गेली सगळी.”
आपानं फोन ठेवला, मशीनवर कापड झाकलं,
माझ्याकडं बघितलं नाही.
मी ‘चूक’ असं लिहिलं, आणि खोडलं.
मत द्यायचं नव्हतं.

मेघनानं मात्र उसवायला वेळ नाही म्हणून
पदराच्या बारीक निऱ्या घातल्या, चार बोटांच्या,
पिना मारून आत खांद्यावर सरकवल्या.
गोंडे मोकळे सुटले.
कुणीतरी स्टेटसला ठेवलं.

सतराव्या दिवशी बावड्याच्या दोघी. “मेघनासारखी.”
एकविसाव्याला एक उचगावची, आपल्या जावेला घेऊन.
पंचविसाव्याला एकीला आपानं मुद्दाम विचारलं,
उजवीकडं घालू का, पदर नीट बसंल?
ती म्हणाली, “उजवीकडची जुनी झाली आता.”
आपा हसली नाही. खडू डावीकडं नेला.
समोरच्या बांगड्यावाल्या शिकलगारांकडं
पिनांची पाकिटं संपली होती.
ते का संपली, हे त्यांना ठाऊक नव्हतं.
मला ठाऊक होतं.
एवढ्या मोठ्या गावात ते तेव्हा
मला आणि आपाला ठाऊक होतं.

रिपोर्टात एक रकाना असतो: उगम.
मी लिहिलं, आरसा. कंसात, घाई.
मॅडमनी चष्मा काढून दोनदा वाचलं.
“आणि हे नमुन्याचं कापड? कुणी दिलं?”
“वडिलांनी. गांधीनगरात गठ्ठे सोडत्यात ते,”
मी म्हणाले, आणि ‘सोडत्यात’ तसंच राहू दिलं.
मार्क तेहेत्तीस. पन्नासपैकी.
त्रिकोणाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री आण्णा जेवत होते, बाहीला सुतळीचे तंतू.
मी विचारलं, दिवाळीला कुठला रंग चालंल?
त्यांचा घास हातातच थांबला.
“मोरपंखी. दीड महिना झाला, रोज उतरून घेतोय.
पण गुलाबी पडून राहणार बघ, मालक ऐकना.”
मी उठून वही आणली.
ते म्हणाले, आधी भात वाढ.