क वाट चुकला

रामबागेतल्या शाळेत, जिथे आता मराठीचा तास उरला नाही,
संध्याकाळी पाच ते सात मी नवोदयची पोरं बसवते.
चौदा पोरं, एक पंखा,
झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकट झालेल्या उत्तरपत्रिका,
काही गोल अर्धेच उमटलेले.

गोल पूर्ण भरा. टिंब नको. रेषेबाहेर नको.
एकतीस वर्षं मी निबंध तपासले,
म्हणायची, समास सोडा, मनातलं लिहा.
आता म्हणते, गोल भरा.

मंगळवारी सरावाची उत्तरं वाचली, घाईघाईनं:
सात, क. आठ, ड. नऊ, क. दहा, परत क.
मुलांनी आपापलं तपासलं, निमूट.

लोकेंद्र बघेलला चाळीसपैकी बावीस.
लोकेंद्रला!
जो भाजीच्या गाडीवर
बापाच्या आधी हिशेब सांगतो.

कागद ओढून घेतला.
सातव्याला तिसरा गोल भरलेला, बरोबर.
त्यावर त्याच्याच हातची फुली.
नवव्याचं तर त्यानं खोडून खोडून भोक पाडलेलं,
भोकातून बाकावर कोरलेलं दिसत होतं:
मुकुंद खासगीवाले, ७ वी ब.

"आपने क बोला था, मॅडम.
क तो पहला होता है. क, ख, ग, घ."

अ, ब, क, ड.
भाजी हिंदीत घेते, रिक्षावाल्याशी भांडते हिंदीत,
हिशेबही हिंदीत. तीन पिढ्या इंदूरच्या.
पर्याय तेवढे मराठीत मोजते,
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
अ पोचला ए-पाशी, ब बी-पाशी, ड डी-पाशी,
एकटा क वाट चुकला
आणि चौदा घरांत पहिल्या दारावर जाऊन थडकला.

मुस्कानला शंका आली होती म्हणे,
दोन-दोन पहिले कसे?
पण बोलली नाही.
उत्तरं तर माझ्या हातात होती.

आता मी बोटं दाखवते. तिसरा म्हणजे तीन बोटं.
मुलं हसतात, मुद्दाम ओरडतात, "क, मॅडम, क!"

शनिवारी पेन. खोडरबर चालणार नाही.
जिन्यात लोकेंद्रनं विचारलं,
मेरा अलग आया और आपका अलग, तो?
तुझं ठेव, म्हटलं.

हे सगळ्यांना सांगायला हवं होतं.
पण बाकीचे खाली पोचले होते,
सायकली काढत होते.