बरं आहे

पुस्तक परत करताना धडफळेबाई विचारतात,
"कसं वाटलं?"
आणि मी म्हणते, "बरं आहे."
विमा कंपनीत एकतीस वर्षं मीही शिक्के मारले,
काउंटरपलीकडच्या माणसाशी किती बोलायचं
ते हाताला ठाऊक असतं.
शिवाय मागे रांग. शिवाय नारायण पेठेतला तो जिना,
उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी भिंतीला चिकटायचा.

पण ते उद्योगपतीचं आत्मचरित्र
बरं नव्हतं हो.
चारशे पानांत बायको तीनदा येते:
लग्नात, आजारपणात आणि अर्पणपत्रिकेत.
मी समासात पेन्सिलीने खुणा केल्या,
मग खोडल्या. वाचनालयाचं पुस्तक.

मधमाश्यांवरचं वाचलं त्या आठवड्यात
तुळशीच्या मंजिऱ्या खुडायचं थांबवलं.
समोरच्या आगाशेकाकू म्हणाल्या, "फार माजलीय."
म्हटलं, "राहू दे, गिऱ्हाइकं येतात."

रहस्यकथेतला खुनी एकोणचाळिसाव्या पानावरच कळला.
डॉक्टर. पुण्यात इतकं गोड बोलणारा माणूस
दुसरं काय करणार?
तरी दशभुजा गणपतीला उतरायचं
ते डेपोपर्यंत गेले. कंडक्टरने वरचे पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, "सापडला का?"

कवितासंग्रह दोन दिवसांत परत केला.
कळला नाही असं नाही.
एका पानावर कुणीतरी ताट वाढून वाट बघत होतं,
एवढंच, आणि खाली अर्धं पान कोरं.
त्या कोऱ्या जागेत मला बसवेना.
"बरं आहे," म्हटलं त्याही दिवशी.

आणि हे आताचं.
पातळ, एकशे बारा पानं, शिवण सुटलेली.
दोन बहिणी. आईचं शिवणयंत्र.
कोणी न्यायचं यावरून सतरा वर्षं अबोला.
लेखिका मला ओळखत नसणार,
मलपृष्ठावरचा फोटो भिंग घेऊन पाहिला.
आणि आमचं काही यंत्र नव्हतं,
पाच शेरी पितळी डबा होता.
सतरा नाही, अकरा वर्षं.
डबा माझ्याकडे आहे.
त्यात मी प्लास्टिकच्या पिशव्या ठेवते.

रविवारी सासवडला कुमुदला फोन लावला.
"कोण?"
"मी."
गुडघ्यांची चौकशी झाली, चारही.
मग बराच वेळ तिच्याकडचा पंखा ऐकू आला.
"काय करतेस हल्ली?"
"वाचते."
"काय?"

मग मी सांगितलं. चाळीस मिनिटं.
यंत्र, त्याचं पाय मारायचं पायडल,
धाकटीने पोस्टाने परत पाठवलेली लग्नपत्रिका,
थोरलीने ती कपाटात कुठे ठेवली ते.
ती नुसतं "हं" म्हणत होती,
लहानपणी एका पांघरुणात
भुताच्या गोष्टीला म्हणायची तसं.
तिच्या कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या,
सहावीही झाली. उठली नाही.
शेवटी म्हणाली,
"मग? यंत्र कोणाकडे जातं?"

पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं,
दोनदा वाचून झालेलं.
म्हटलं, "अजून तिथवर आले नाही."

तारीख उलटून गेली.
धडफळेबाईंनी दंड मांडला, नऊ रुपये.
धरणातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद होता, मी सांगितलं.
लकडी पूल कुठे बुडाला होता,
असं त्या म्हणाल्या नाहीत.
"कसं वाटलं?"
"आणखी आठ दिवस लावा."
त्यांनी पुस्तक हातात तोललं,
चष्म्यावरून पाहिलं.
"एकशे बारा पानांना?"
मागच्या गृहस्थांनी घसा साफ केला.
"मोठं आहे हो," मी म्हटलं.