बर्फाची जाडी

रात्री पावणेतीनला पहिली आली.
की ती पहिली नव्हतीच?
मंगळवारीही अशीच एक आली होती, गुरुवारीही.
दोन्ही वेळा मी बॅग दारापर्यंत नेली,
दोन्ही वेळा परत आणली,
आतले चिमुकले मोजे पुन्हा मोजले. चारच आहेत.

कळ आली की कळतं, म्हणतात सगळ्या.
मला नाही कळत.

तानेल झोपलाय. झोपू दे.
उठवलं की तो आधी बूट घालणार,
आणि बूट घातलेला माणूस घरात नुसता उभा राहिला
की घरालाच कळा सुरू होतात.

बाहेर समुद्र गोठतोय.
फेरीबोट परवा बंद झाली, बर्फ आडवा आला म्हणून,
आणि किह्नूपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंतचा
बर्फावरचा रस्ता अजून उघडला नाही.
भोकं पाडून मोजणारे म्हणतात, एकोणीस.
बावीस लागतात.
तीन सेंटिमीटर. माझ्या करंगळीची जेमतेम दोन पेरं.

मलाही मोजलंय.
काल संध्याकाळी नर्स युताने,
हात गार आहेत म्हणून माफी मागत: दोन.
दोन म्हणजे काय?
"दोन म्हणजे दोन. आज रात्री, नाहीतर रविवारी."
आणि मग पार्नूच्या हॉस्पिटलचा नंबर
मला पाठ असूनही पुन्हा लिहून दिला.
पाच मिनिटांवर आल्या की फोन कर,
हवा बरी असेल तर हेलिकॉप्टर येईल.
हवा बरी असेल तर.

मासळीच्या हिशेबाची वही घेतलीय.
वर ऑक्टोबरातल्या पर्चचे किलो,
खाली मी:
सात मिनिटं. अकरा. नऊ.
मग काहीच नाही. वीस मिनिटं काहीच नाही,
इतकं, की मला माझीच लाज वाटली,
जशी कुणाला जेवायला बोलावून
चूल पेटवायची विसरले.
मग सहा.

तळ्यात. मळ्यात.
लहानपणी या खेळात मी हमखास बाद व्हायचे,
हाक यायच्या आधीच उडी मारून.

पाचला हेल्मी आली, मेंढ्यांना चारा टाकून,
खिडकीत दिवा दिसला म्हणून.
काही विचारलं नाही. कोट न काढता बसली,
माझ्या लाल पट्ट्यांच्या घागऱ्याची शिवण उसवू लागली,
पोटासाठी सैल केलेली मधली पट्टी काढायला.
लागेल तुला लवकरच, म्हणाली, पहिल्यासारखा.
लवकरच म्हणजे कधी, ते तिनेही नाही सांगितलं.

"माझ्या वेळी घोडा होता," मध्येच म्हणाली.
"बर्फ धरणार नसला की आपोआप थांबायचा.
चाबूक मारा, शिव्या द्या, पाऊल टाकायचा नाही."
आणि तुम्हाला? तुम्हाला कसं कळलं, की हीच?
तिने दातांनी दोरा तोडला.
"मला कुठे कळलं? मी विचार करत बसले होते,
तोवर तो बाहेर."

हसताना आली एक. मोठी.
टेबलाची कड धरली, वहीत लिहायचं राहिलं.

त्या रस्त्यावर गाडी चालवायची
तर पट्टा सोडून बसायचं असतं,
बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून.
आणि वेग ठेवायचा पंचवीसच्या खाली,
नाहीतर चाळीसच्या वर.
मधल्या वेगात गेलं
की खाली पाण्यात लाट उठते, दिसत नाही,
आणि गाडीला गाठत राहते.
मी आत्ता त्या मधल्या वेगात आहे.
धड हळू नाही, धड भरधाव नाही,
आणि खालून कुणीतरी बर्फ उचलून बघतंय.

उजाडलं. म्हणजे अंधार राखाडी झाला, एवढंच.
धक्क्याकडून ड्रिलचा आवाज येतोय,
थांबतोय, पुन्हा येतोय, थोडा पुढे.
तानेल उठून दारात उभा. अनवाणी, देवाची कृपा.
"सुरू झालं?"

मी उत्तर देत नाही.
बाहेर ड्रिल थांबलंय,
कुणीतरी वाकून आकडा वाचत असेल,
आणि हेल्मी सुई हातात धरून
माझ्या तोंडाकडे बघतेय,
घोड्याकडे बघावं तशी.