शहात्तर

केरसुणीतून एक हीर उपसली
आणि शहात्तर सेंटिमीटरवर कापली.
नार्वेकर दुकानातून फोनवर म्हणाले होते,
"दोघं शेजारी-शेजारी बसणार असतील तर रुंदी एवढी.
घडी एकदम लहान होते, एका हाताने.
पुढे-मागे हवी असतील तर चोपन्नात बसतं काम,
पण गाडी लांब, आणि बाई,
मागच्याला पुढच्याची पाठच दिसते फक्त."

म्हणून दुसरी काडी चोपन्नची.

दोन्ही पिशवीत घालून तीन दिवस हिंडले.
चोडणच्या धक्क्यावर फेरीत शिरताना
दोन स्कूटरींच्या मधे आडवी धरली:
चोपन्न जाते.
शहात्तर आरशाला अडते.
स्कूटरवाल्याने आरसा मुडपला,
विचारलं काहीच नाही.
औषधाच्या दुकानात धरली, बालवाडीच्या फाटकात,
पणजीच्या बाजारात केळ्यांच्या घडांखालून,
आमच्या गाडीच्या डिकीत, जिथे
स्टेपनी, तीन छत्र्या आणि दत्तप्रसादची बॅट
आधीपासून बिऱ्हाड करून आहेत.
एस्पेरांसा बाल्कांवावरून बघत होती.
"कितें गो हें? भुतां मापता?"
मी म्हटलं, गाडी मापते, यायची आहे अजून.
"म्हज्या चवगांक म्हजीं दोन कमरां पावलीं," म्हणाली,
आणि पोदेराला हाक मारायला उठली.

सगळीकडे चोपन्न जिंकत होती.
घरीसुद्धा.
आमच्या दाराची उजवी झडप तेवढी उघडते;
डावीची खिटी गंजून बसलेली.
शेवटची उघडली ती सासऱ्यांना न्यायला,
त्याआधी फ्रिज आणायला.

रात्री दत्तप्रसाद म्हणाला, मग ठरलं,
पुढे-मागेवाली. वेदांग पुढे, सुरंगी मागे,
ती मोठी आहे, समजून घेईल.
मी "हं" म्हटलं.
वेदांग कुरकुरला, मी पाळण्याकडे वळले
आणि सुरंगी माझ्या मागून म्हणाली,
"आई, तुझ्या गाउनला भोक आहे. कधीपासून आहे."

सात महिने.
सात महिने ती काय बघते आहे
ते मला तेव्हा कळलं.

सकाळी खिटीवर खोबरेल ओतलं,
वरवंट्याने दोनदा ठोकलं,
तिसऱ्यांदा आईवरून शिवी दिली, हळू आवाजात.
डावी झडप उघडली. एक पाल, भरपूर भुसा
आणि ओसरीभर इतकं ऊन
की जमीन पुसायला हवी हे लगेच दिसलं.

शहात्तरवाली आणली. राखाडी रंगाची,
लाल होती ती दोन हजारांनी महाग.

सुरंगी तीत बरोबर दोन दिवस बसली.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी चालणार.
तेव्हापासून तिच्या जागी बसतात
उंडे, लाल भाजी, एकदा
वेंगुर्ल्याहून आलेल्या मामाचा फणस,
त्याला मी पट्टासुद्धा लावला,
आणि वेदांग सगळ्या वाटेने
त्याच्या काट्यांवरून हात फिरवत राहिला.
नार्वेकरांना हे सांगायचं नाही असं
आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

परतीच्या फेरीत मात्र रिबंदरहून निघताना
तिचे पाय दुखतात.
फणस मांडीवर घ्यावा लागतो मला.
ती चढून बसते, भावाच्या कानाची पाळी
दोन बोटांत धरते, जणू बटण आहे,
आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून
माझी जुनी काडी काढून
मांडवीवर आडवी धरते, एक डोळा मिटून.

"जात नाही," म्हणते.

समोरचा माणूस आपला आरसा
आधीच मुडपून बसलेला असतो.