कारण दुसरे

तोंडाचा आरसा, बोथट शोधणी, मान वाकवलेला दिवा
आणि पेन्सिल घेऊन बसलेली मी.
डॉक्टर ऊना आकडा उच्चारणार, मी तो घरात टाकणार.
शून्य म्हणजे धड. एक, किडलेला. तीन, भरलेला.
चार म्हणजे कीड लागून गेलेला.
पाचही गेलेलाच, पण कारण दुसरे.
एका माणसाला एक पान, पानावर बत्तीस घरे.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस डंडीत
तीच वीस तोंडे पुन्हा पुन्हा पाहिली होती,
ऊनाचा सोमवारचा डोळा
शुक्रवारी बदलू नये म्हणून.
मग बोट, मग दुसरी लहान बोट,
मग मेंढ्यांच्या ट्रकमध्ये पुढे तिघे जण,
आणि या बेटावरचा हा हॉल.
शनिवारी इथे नाच झाला होता,
जमीन अजून निसरडी.

आधी शाळेतली मुले, टॉफीच्या वासाची.
एक, एक, शून्य, चार, एक.
लाकलन नावाच्या पोराने विचारले,
माझी दाढ लंडनला कळणार का?
कळेल, मी म्हटले, पण तुझे नाव नाही कळणार.
त्याला ते पटले नाही.

नमुन्यात नाव न निघालेली एक बाई
दारातच भांडून गेली:
माझे काय मोजण्याच्या लायकीचे नाहीत?

ऑयरिक मॅकऑस्किल, वय एकसष्ट.
हॅट घालून आली, चर्चला जावे तशी.
भिंतीकडे तोंड करून
कवळी रुमालात काढली, मग वळली.
ऊना म्हणाली, वरचे खालचे, सगळे चार.
मी बत्तीस वेळा चार लिहिले. सोपे पान.

दर दहावे माणूस पुन्हा तपासायचे असते.
गुरुवारी तिचीच पाळी आली.
कशाने गेले, हे मी विचारायचे,
कारण तो प्रश्न पानावर आहे.

"कशाने नाही," ती म्हणाली.
"एकोणीस वर्षांची होते. लग्न ठरलेले.
बाबांनी आहेर म्हणून काढून दिले सगळे,
पुढे नवऱ्याला खर्च नको.
एकाच सकाळी. निळी बादली होती.
मी वाकून पाहिले बादलीत.
पांढरेशुभ्र होते गं."

वडिलांवर तिने दात धरला नव्हता.
धरायला एकही ठेवला होता कुठे.

तोंड तेच, सोमवारचे आणि गुरुवारचे.
ऊनाच्या डोळ्यात काडीचा फरक नाही.
मी रबर घेतले. बत्तीस चार पुसले,
वर डावीकडे, दुसऱ्या दाढेपाशी कागद फाटला.
पाच. पाच. पाच.
बेटाची किडीची सरासरी
दशांश चिन्हाच्या पुढे कुठेतरी हलली असेल.

बाहेर चहा मांडला होता.
दाखवायचे दात पर्समध्ये ठेवून
ती हिरड्यांनी स्कोन खात होती, निवांत, लोणी लावून.
जाताना माझ्या टेबलाशी थांबली:
"ते धड होते, असे कुठे लिहिता येते का?"

तसे घर नव्हते.
मी समासात एक शून्य काढले, मोहरीएवढे.
ऊनाने पान उलटताना पाहिले.
"समासात काही लिहू नकोस," ती म्हणाली,
"कार्ड पंच करणाऱ्या मुली गोंधळतात."
आणि दिव्याची मान
पुढच्या माणसाच्या उंचीला आणली.