चोवीस तास उघडं

पानं माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतात.
चित्रं शाई होऊन वाळलेली, फुगे रिकामे,
सोबत कर्टिसनं टाइप केलेले संवाद.
फुग्यांत अक्षरं भरायची. पानाला अठरा डॉलर.
बफेलोत, हर्टेल ॲव्हेन्यूवर, चपला दुरुस्तीच्या दुकानावरची खोली,
खिडकीला सरोवरावरून आलेलं बर्फ चिकटलेलं.

पहिल्या अंकाला माझा हात थांबला होता.
टेरेला उडते, तेव्हा तिचा जोर
पृथ्वीच्या फिरण्यातून येतो.
एका उड्डाणाला दिवस लांबतो
सेकंदाच्या दहाव्या भागानं.
पाण्यात पडलेलं पोर ती धक्क्यावर आणून ठेवते,
ओव्हरकोटातून वही काढते
आणि लिहिते: ०.१.
तिच्या अक्षरासाठी मी आईचं अक्षर घेतलं,
किराण्याच्या यादीतलं, उजवीकडे कललेलं.

त्याच अंकात रात्रपाळीची नर्स विचारते,
"हा जादा वेळ कुणाच्या पगारात धरायचा?"
एवढासा फुगा. तीनदा लिहून पाहिला.
जेवायला उठले नाही.
वाटलं, आता कर्टिस विचारणार,
किती जीव वाचवले की दुपार इतकी ताणते
की उभा गहू करपतो?
आणि एखाद्या आगीकडे बघत
ती जमिनीवरच उभी राहील का,
अख्खं पान, एकही फुगा नाही?
त्या पानाचे पैसे मला नको होते.

दुसऱ्या अंकात लॉर्ड बॅसाल्ट आला.
तिसऱ्यात त्याचा जुळा भाऊ.
चौथ्यात चिलखत, पाचव्यात त्याहून मोठं चिलखत.
वही कोटात राहिली आणि सहाव्यात कोटच गेला,
कोटातून मांड्या दिसत नाहीत म्हणून.
लेनी हे फोनवर म्हणाला, काहीतरी चघळत.
विज्ञान तोंडी लावायलाही उरलं नाही.
मी धाडकन लिहिलं. खाडकन लिहिलं.
धाडकनचा धा दोन इंच उंच,
एका पानात चार वेळा,
शाईची अर्धी बाटली त्या धालाच लागली.
ती उडतच होती, या गच्चीवरून त्या गच्चीवर,
कधी नुसती गप्पा मारायला,
जणू पृथ्वी तिच्या बापाची.

कर्टिसला एकदा विचारलं.
"ब्रोन्या, ते गणित वाचतंय कोण?"
महिन्याला तीन मासिकं लिहितो, मुलीच्या दातांना तारा लावायच्यात.
त्याला दोष देता येत नाही.
थोडा देता येतो.

पार्श्वभूमीतल्या पाट्याही मीच लिहिते,
बँक, बस थांबा, कोपऱ्यावरची बेकरी.
बेकरीवर पहिल्यापासून होतं: चोवीस तास उघडं.
एका रात्री मी मागचे अंक काढले
आणि उड्डाणं मोजली. एकशे चाळीस.
बाराव्या अंकात, लॉर्ड बॅसाल्टच्या कोपराखाली,
नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं:
२४ तास १४ सेकंद उघडं.
लेनीला दिसलं नाही. चित्रकारालाही नाही.
मग दर महिन्याला आकडा वाढवत गेले,
आधी पाटी, मग बाकीचं पान.

मार्चमध्ये पानांच्या गठ्ठ्यात चुकून एक पत्र आलं,
डुलूथहून, आर्वो लेहतिनेन नावाच्या माणसाचं.
धान्याच्या कोठारावर रात्रपाळी करतो.
कौतुक नाही, नमस्कारसुद्धा नाही.
"अठराव्या अंकात बेकरीची पाटी चुकली आहे.
सातव्या पानावर, न्हाव्याच्या खिडकीत, तिची सावली आहे.
जाताना एकदा, येताना एकदा.
२९.२ नव्हे, २९.४."

दिवा ओढून जवळ घेतला, पान काढलं.
सावली होती. दोन्ही वेळा.
माझं लक्ष तेव्हा धाडकनकडे होतं.

एकोणिसाव्या अंकात आधीची दोन दशांशं जमा केली.
पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, आईच्या यादीखाली.
मग पट्टी घेतली,
दोन इंच मोजले.