नसलेल्या टेकडीचा वळसा

जुलैची थंडी. साडेआठला पारेस सोडलं.
पॅरिसच्या नावाचं गाव, वाल नदीकाठी:
एक पूल, थोडी बदकं, एक धावपट्टी.
शेजारच्या सीटवर बाबा, चर्चचा कोट घालून,
टोपी गुडघ्यांवर.
दार त्यांनी दोनदा हलवून पाहिलं. खाणीतली सवय,
पिंजरा खाली सुटण्याआधीची.
"आज वर जायचंय," मी म्हटलं.
"पिंजरा तो पिंजराच," ते म्हणाले.

मांडीवर कोस फेरवे सरांचा नकाशा,
घड्यांवर चिकटपट्टी, कॉफीचा एक गोल डाग.
जोहान्सबर्गचं आभाळ त्यात मजल्यामजल्यांचं.
वरचे मजले मोठ्यांचे,
तिथे पाऊल टाकायचं तर आधी विचारावं लागतं.
आमच्या वाट्याला पोटमाळा:
जमीन साडेपाच हजारांवर, छप्पर सात हजार सहाशेला,
आणि मधल्या फटीतून शिकाऊ विमानं, हेलिकॉप्टरं,
हमरस्त्यावरच्या कोंडीची बातमी सांगणारा एक रेडिओवाला,
आणि मोसिदी सेत्शेदी, म्हणजे मी, बापाला घेऊन.

इथे बोट धरून कोणी नेत नाही.
बघायचं, आणि आपण कुठे आहोत ते मोठ्याने सांगत राहायचं.
"आल्बर्टनवर, सहा हजार आठशे, उत्तरेकडे."
"तुझ्या खालून जातोय, पांढरं विमान, दिसलं का?"
दिसलं. नाही दिसलं. हां, आता दिसलं.
वरून एक एअरबस चाकं सोडून गेली
इतकी सावकाश, की वाटलं विसावायला जागा शोधतेय.
बाबांनी मान खाली घातली,
चाळीस वर्षं डोक्याला छत लागेल म्हणून घालत आले तशी.

सर म्हणाले होते, "थोटा पिवळा ढिगारा दिसला
की डावीकडे. त्याच्या पुढे गेलीस तर
मोठ्यांच्या ताटात हात घातलास समज."

कोळशाच्या चुलींचा धूर खाली साचलेला.
पत्रे, गोदामं, पाण्याची टाकी, पत्रे.
ढिगारा नाही.
टॅब्लेटवर निळा ठिपका सांगत होता, तू इथे आहेस.
इथे काय आहे, ते त्याला विचारून उपयोग नव्हता.
मनोऱ्यातून हेस्टाबाईंचा आवाज:
"ढिगारा दिसला की कळव."
"शोधतेय," मी म्हटलं, आणि जीभ टाळूला चिकटली.

बाबांनी काचेला नाक लावलं.
"अगं, नेला तो.
पुन्हा धुतला, उरलंसुरलं सोनं काढलं,
आणि चिखल करून पाइपातून पाठवला लांब.
तू डोंगर शोधू नकोस. रूळ बघ."

रूळ सरळ येत होते,
आणि एका सपाट, पिवळट, रिकाम्या जागेपाशी येऊन
अचानक आदबीने बाजूला सरकत होते,
मोठा अर्धगोल घेऊन पुन्हा आपल्या वाटेला लागत होते.
एक मालगाडी तेवढ्यात तो वळसा घालत होती,
डब्यामागे डबा,
कशालाच नाही.

"तो आम्हीच वर आणला होता," बाबा म्हणाले.
"एखादा कोपरा तरी माझ्या पाळीचा असेल."

मी बटण दाबलं. "ढिगारा नाही दिसत.
ढिगाऱ्याची जागा दिसतेय."
क्षणभर नुसती खरखर.
"जागा चालेल," हेस्टाबाई म्हणाल्या.
"धावपट्टी एकोणतीस, डाव्या फेरीत ये."

चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली.
गवतात निवृत्त जंबो उभी होती,
शेपटीवर ऊन, इंजिनांवर झाकणं.
बाबा त्यांच्याकडे बघत राहिले,
मग उतरून बाहेरून दार हलवून पाहिलं.

कचेरीतल्या पोराने वही पुढे ओढली.
"कुठून आलात?"
मी पारेस म्हणणार, तेवढ्यात
बाबा टोपी नीट बसवत म्हणाले,
"खालून."
पोरगा पेन उचलून माझ्याकडे बघत राहिला.